तबकडीवरचे आडनाव

मागल्या महिन्यात ताईचे गुडघ्याचे दुखणे वाढले असे कळले, म्हणून चार दिवस सुरतेस जाऊन आलो. दुखण्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. ब्याऐंशीव्या वर्षी गुडघ्यांनी जेवढी कुरकुर करावी तेवढीच ते करीत आहेत. पण त्या घरात दुसरेच एक दुखणे निघाले होते, आणि त्यावर औषध मी द्यावे अशी सर्वांची इच्छा दिसली. वडील माणूस परगावाहून आला की चहाच्या कपाबरोबर घरातला तंटाही त्याच्यापुढे येतो, हा अनुभव वाचकांपैकी पुष्कळांना असेल.

तंटा असा. ताईचा नातू, म्हणजे माझ्या भाच्याचा मुलगा, चोवीस वर्षांचा आहे. शिकून इंजिनिअर झाला, वडिलांच्या ओळखीने एका डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये नोकरीसही लागला. पण गेली तीन वर्षे तो आणि त्याचे तीन सोबती मिळून रॉक संगीताचा बँड चालवतात. गावात थोडेफार नाव झाले आहे, कॉलेजांच्या संमेलनांतून बोलावणी येतात, आणि आता त्यांचा सात गाण्यांचा अल्बम निघावयाचा होता. त्या अल्बमच्या मुखचित्रावर चौघांची नावे आहेत. आणि आमच्या चिरंजीवांनी आपले आडनाव गाळून नुसते पाळण्यातले नाव छापले आहे.

"रात्री-अपरात्री वाजवतो, ते सोसले," भाचा मला म्हणाला. "केस वाढवले, तेही सोसले. पण मामा, पणजोबांपासून चालत आलेले नाव याला लाजिरवाणे वाटते काय? तुम्हीच विचारा."

जेवणानंतर गच्चीवर मी विचारले. मुलगा शांत आहे, उर्मट नाही. "लाज नाही हो, मामाआजोबा," तो म्हणाला. "ते नाव घेऊन मी नोकरी करतोच आहे. गाणे मला माझ्या नावाने करायचे आहे. बुलसाराने नाही का टाकले आडनाव?"

"कोण बुलसारा?"

"इथलाच. वलसाडचा. सगळे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणते."

हे दुसरे नाव माझ्या कानांवरून गेलेले होते. 2018 साली त्याच्यावर एक मोठा इंग्रजी बोलपट निघाला, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याचे फोटो झळकले होते: अंगात बनियन, ओठावर भरघोस मिशी, हातात काठीसारखा ध्वनिक्षेपक. हा माणूस आपल्या गुजराथच्या एका पारशी घराण्यातला, एवढेही वाचल्याचे आठवत होते. पण वाचणे वेगळे आणि नातवाच्या तोंडून 'इथलाच' म्हणून ऐकणे वेगळे. त्या रात्री त्याने मला जे सांगितले, आणि परत आल्यावर मी स्वतः जे वाचून पाहिले, ते येथे एकत्र करून देतो.

आधी एक कबुली दिली पाहिजे. या संगीताला आमच्या पिढीने 'धांगडधिंगा' या एका शब्दात निकालात काढले आहे. वास्तविक बडोदेकरांनी तसे करावे हे आश्चर्यच. विलायती वाद्ये आपल्या शहरात परकी कधीच नव्हती. 1886 साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा निघाली. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या पदरी फ्रेडलिससाहेब बँडमास्तर होते, आणि त्यांनी आपल्या चिजा विलायती स्वरलेखनात उतरवण्याची खटपट केली. कमाठीबागेतला बँडस्टँड आपण सर्वांनी पाहिला आहे. ज्या शहरात महाराज एका कानाने फैयाजखांसाहेबांचे गाणे आणि दुसऱ्या कानाने पितळी कर्णे ऐकवीत, तेथल्या माणसाने गिटारीचे नाव काढताच कपाळाला आठी घालणे शोभत नाही. मी मात्र आजवर घालीत आलो. असो.

वलसाडला इंग्रजी अमदानीत बुलसार म्हणत. 1964 सालापर्यंत ते सुरत जिल्ह्यातच होते. गावावरून आडनाव घेण्याची चाल पारशी लोकांत आपल्याइतकीच, किंबहुना अधिक: भरुचा, बिलिमोरिया, उदवाडिया, सुरती, तसे हे बुलसारा. आपल्या 'कर'कारान्त आडनावांचीच ही भावंडे. फरक एवढाच की पारशी मंडळी गाव सोडून मुंबईला गेली, झांझिबारला गेली, आणि आडनावातून गाव बरोबर घेऊन गेली. आपल्यापैकी तरी कितीजणांनी आपल्या आडनावाचे गाव डोळ्यांनी पाहिले आहे? ताईच्या सासरचे आडनाव ज्या कोकणातल्या खेड्यावरून पडले, तेथे त्या घरातले कोणी चार पिढ्यांत फिरकलेले नाही. ही गोष्ट मी भाच्याला बोलून दाखवली तेव्हा तो म्हणाला, "म्हणून तर नाव जपायचे, मामा. दुसरे उरलेय काय?" हे उत्तर मला तोडता आले नाही.

बोमी बुलसारा हे या बुलसारचे. इंग्रज सरकारच्या नोकरीत ते झांझिबारला हिशेबनीस म्हणून गेले. तेथे 5 सप्टेंबर 1946 रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव फारूख. घर सुस्थितीतले, आईबाप धर्मपरायण. त्या बेटावर मुलाच्या शिक्षणाची मनासारखी सोय नव्हती, म्हणून 1955 साली आठ वर्षांच्या फारूखला त्यांनी बोटीने हिंदुस्थानात पाठवले. कोठे? तर आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीस, सेंट पीटर्स शाळेत. वाईचा घाट चढून गेले की टेबललँडच्या पायथ्याशी ज्या शाळांच्या इमारती दिसतात, त्यांतली ही एक. आईबाप समुद्रापलीकडे, मे महिन्याच्या सुटीत मुंबईस मावशीकडे, आणि बाकीचे वर्ष पाचगणीच्या पावसात: या मुलाचे बालपण ते असे. फ्रेडी हे नाव त्याला शाळेतच पडले. पुढचे दात मोठे असल्याने मुले त्याला 'बकी' म्हणूनही चिडवीत. पुढे पैसा आला तरी ते दात त्याने नीट करून घेतले नाहीत. जबडा हलला तर आवाज बदलेल अशी त्याला धास्ती होती.

मुलाला गाण्याचे अंग आहे हे शाळेच्या मुख्याध्यापकांच्या ध्यानात आले. त्यांनी झांझिबारला पत्र लिहून कळवले की थोडी जादा फी भरलीत तर याला पियानो शिकवता येईल. वडिलांनी भरली. मला या सगळ्या हकीकतीत ते पत्र सर्वांत मोलाचे वाटते. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे तो जागच्या जागी पियानोवर वाजवून दाखवी. त्याच दिवसांत लताबाई मंगेशकरांचे गाणेही त्याच्या कानांवर होते आणि त्याचा ठसा त्याच्यावर उमटला, असे त्याच्याविषयी लिहिणारे नोंदवतात. आपण मराठी माणसांनी यावर फार फुशारून जाऊ नये. पण ऐकून बरे वाटते, हे कशाला लपवा.

1958 च्या सुमारास शाळेतल्या पाच मुलांनी मिळून एक बँड काढला. नाव 'हेक्टिक्स', म्हणजे धांदल्या लोकांचा कंपू. चहाच्या रिकाम्या खोक्याला तार लावून एकाने खर्जाचे वाद्य तयार केले होते. फ्रेडी त्यात पियानो वाजवी. मुख्य गायक दुसराच होता. एल्विस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड यांची त्या वेळची गाणी ते शाळेच्या समारंभांतून वाजवीत, आणि शेजारच्या शाळेतल्या मुली ओरडून दाद देत. त्या पाचांपैकी एक, व्हिक्टरी राणा, पुढे नेपाळच्या सैन्यात मोठ्या हुद्द्याला चढला. डेरिक ब्रँश विलायतेत नट झाला. एकाने पुण्यात उपाहारगृह काढले. सह्याद्रीच्या माथ्यावर, खोक्याच्या वाद्यावर, असा हा प्रारंभ.

1963 साली तो झांझिबारला परतला आणि 1964 च्या जानेवारीत तेथे क्रांती झाली. रक्तपात झाला, आणि बुलसारा कुटुंब हाती लागेल ते घेऊन लंडनजवळ फेल्टम येथे येऊन पडले. सरकारी नोकरी, नोकरचाकर, समुद्राकाठचे घर, सारे मागे राहिले. वडील हिशेबाच्या नोकरीस लागले, आई दुकानात काम करू लागली. एकाच आयुष्यात दोनदा बिऱ्हाड उठणे म्हणजे काय, हे फाळणी पाहिलेल्यांना सांगावयास नको. अशा घरात मुलाने वकील किंवा हिशेबनीस व्हावे असे आईबापांस वाटले तर नवल कसले? आईनेच पुढे सांगितले की आमच्यांत मुले तेच होतात; पण फ्रेडी म्हणाला, मी तेवढा हुशार नाही, मला गाऊ द्या. तो ईलिंगच्या कलाशाळेत चित्रकला आणि सजावट शिकला, विमानतळावर सामान उचलले, बाजारात जुन्या कपड्यांचे दुकान मांडले.

येथे मी नातवाला थांबवले आणि विचारले, "बाकीचे तिघे कोण?" कारण बँड म्हणजे एकट्याचे गाणे नव्हे, एवढे मलाही कळते.

बाकीचे तिघे ऐकून मात्र मी चाट पडलो. गिटारवाला ब्रायन मे हा लंडनच्या इंपीरियल कॉलेजात खगोलशास्त्राचा संशोधक. विकत घेण्याइतके पैसे नव्हते म्हणून त्याने आणि त्याच्या वडिलांनी 1963 पासून दोन वर्षे खपून घरीच गिटार घडवली. दांड्यासाठी लाकूड वापरले ते एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे, आत स्प्रिंगा बसवल्या त्या जुन्या मोटारसायकलीच्या, आणि विणकामाची एक सुईही त्यात कामी आली. ती गिटार तो सहा पेन्सांच्या नाण्याने छेडतो. बापलेकांची ती गिटार त्याने आयुष्यभर वापरली. गाण्यापायी बाजूला पडलेला प्रबंध त्याने 2007 साली पुरा केला! ड्रम वाजवणारा रॉजर टेलर दातांच्या वैद्यकीचा विद्यार्थी. 1971 साली आलेला जॉन डीकन विजेच्या उपकरणांचा पदवीधर. म्हणजे चौघेही आपल्या मध्यम स्थितीतल्या घरांत शोभतील असे शिकलेसवरलेले मुलगे. 1970 साली फ्रेडीने बँडचे नाव 'क्वीन' ठेवले, त्याच सुमारास आपले आडनाव बदलले, आणि पुढे चौघांच्या जन्मराशी घेऊन बँडचे राजचिन्हही स्वतः रेखाटले. मर्क्युरी म्हणजे बुध, देवांचा दूत. आणि मर्क्युरी म्हणजे पाराही. चिमटीत न सापडणारा.

पहिला अल्बम कसा झाला ते ऐकण्यासारखे आहे. मोठ्या स्टुडिओचे भाडे परवडेना. तेव्हा दुसरे नामवंत गायक काम आटोपून गेले की मधल्या रिकाम्या वेळात, बहुधा रात्री, यांना आत सोडले जाई. पहाटेपर्यंत जमेल तेवढे वाजवायचे. असे तुकड्यातुकड्यांनी केलेले काम तयार होऊनही कित्येक महिने पडून राहिले, आणि 1973 च्या जुलैत एकदाची ती तबकडी बाहेर आली. फारशी खपली नाही. मुखचित्राच्या मागे फ्रेडी मर्क्युरी हे नवे नाव छापले गेले, आणि गंमत अशी की बिचाऱ्या डीकनचे नाव 'डीकन जॉन' असे उलटे करून छापले, का तर ते कानाला भारदस्त लागते म्हणून! पुढच्या तबकडीवर त्याने ते सुलटे करून घेतले. नावांच्या बाबतीत तरुण माणसे असे खेळ करीतच असतात.

1974 साली दोन अल्बम निघाले, गाणी गाजू लागली, लोक रस्त्यात ओळखू लागले. पण पैसा हाती येईना. करार असे होते की उत्पन्न मधल्यामध्ये जाई आणि हे चौघे आठवड्याच्या तुटपुंज्या वेतनावर राहत. बाहेर डंका आणि घरात देणी, हा प्रकार गंधर्व नाटक मंडळीची हकीकत जाणणाऱ्यांना नवा नाही. अशा वेळी शहाण्या माणसाने काय केले असते? हात आखडता घेऊन बेताचा अल्बम काढला असता. यांनी उलट केले. बालगंधर्वांनी डोक्यावर कर्ज असताना जसा भरजरी शालूंचा आणि अत्तरांचा हात आखडला नाही, तसे हे 1975 च्या उन्हाळ्यात चौथ्या अल्बमला बसले आणि त्या काळापर्यंतच्या सर्वांत खर्चिक तबकड्यांत जिची गणना होते अशी तबकडी करून उठले. नाव 'अ नाइट अॅट द ऑपेरा', म्हणजे आपल्या भाषेत 'संगीत नाटकाची एक रात्र'. नाव मात्र एका जुन्या विनोदी बोलपटावरून उचललेले.

त्यातले एक गाणे नातवाने मला गच्चीवर ऐकवले. माझी वाचकांना विनंती आहे की त्यांनी ते एकदा, घरात कोणी नसताना का होईना, ऐकावे. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' असे त्याचे नाव. आधी हळुवार पियानो, आईला उद्देशून म्हटलेला एक करुण भाग. मग एकाएकी नाटकातल्या कोरससारखा गलबला, सवाल-जबाब, मध्येच 'बिस्मिल्ला' हा शब्द. मग गिटारींचा कल्लोळ. आणि शेवटी पुन्हा एकटा पियानो. मला वाटले शे-दीडशे माणसांचा कोरस असावा. नातू हसला. गाणारे फक्त तीन: फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर. त्या वेळी ध्वनिफितीवर चोवीस स्वतंत्र पट्टे असत. तिघांनी एकदा गायचे, ते एका पट्ट्यावर. तेच ऐकत पुन्हा वेगळ्या स्वरात गायचे, ते दुसऱ्यावर. पट्टे भरले की सारे मिळून एकावर उतरवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. दिवसाला दहा-दहा तास, तीन आठवडे, या एका गाण्यासाठी. फीत यंत्रातून इतक्यांदा फिरली की तिचा लेप झिजला आणि उजेडाकडे धरली तर आरपार दिसू लागले, असे सांगतात. याला धांगडधिंगा म्हणावयाचे असेल तर म्हणावे. मला ती रियाजाचीच जात वाटली.

गाण्याची लांबी 5 मिनिटे 55 सेकंद. तीन-साडेतीन मिनिटांपलीकडचे गाणे रेडिओवाले लावीत नाहीत, सबब कापा, असा व्यवहारी सल्ला पुष्कळांनी दिला. आपल्या बुजुर्गांची आठवण झाली. अब्दुल करीमखांसाहेबांसारख्या गवयांना लाखेच्या तबकडीच्या एका बाजूला, तीन मिनिटांत, अख्खा राग बसवावा लागे. त्यांना पर्याय नव्हता. यांना होता, आणि यांनी कापले नाही. 31 ऑक्टोबर 1975 रोजी गाणे बाहेर आले, लंडनच्या एका खटपट्या निवेदकाने एका शनिवार-रविवारात ते चौदा वेळा वाजवले, आणि इंग्लंडात नऊ आठवडे ते पहिल्या क्रमांकावर राहिले. पाठोपाठ नोव्हेंबरात निघालेला अल्बमही पहिला आला. देणी फिटली. पुढचे यश सर्वश्रुत आहे, ते मी उगाळत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नातू मला स्कूटरवर मागे बसवून त्यांच्या तालमीच्या जागी घेऊन गेला. (ताईने या वयात स्कूटरवर बसल्याबद्दल मला जे ऐकवले ते येथे देत नाही.) जागा म्हणजे एका मित्राच्या काकांचे साड्यांचे गोदाम. दुकाने मिटल्यावर रात्री नऊनंतर त्यांना ते मिळते. आत चारी भिंतींना छतापर्यंत कापडाचे तागे रचलेले. मी टाळी वाजवून पाहिली, प्रतिध्वनी नाही. हजारो रुपये खर्चून स्टुडिओवाले भिंतींना जे अस्तर लावतात, ते सुरतेत आपोआप मिळते, असे नातू अभिमानाने म्हणाला. लंडनची ती चार मुले दुसऱ्यांच्या उरल्या वेळात रात्री वाजवीत, त्याची मला आठवण झाली. पण ती मी बोलून दाखवली नाही. पोरे आधीच पुरेशी फुगलेली असतात.

गाणारा मुलगा गोपीपुऱ्यातला गुजराथी. कीबोर्ड वाजवणारी मुलगी उधन्याची. आणि ड्रम वाजवणारा लिंबायतचा, त्याचे आजोबा खानदेशातून मागावर कामाला आलेले. मी मराठी आहे असे कळताच तो माझ्याशी अहिराणी वळणाच्या मराठीत बोलू लागला. खरे सांगतो, पहिल्या वाक्याला माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटले असावे, कारण तो चटकन हिंदीवर गेला. आपण जुन्या घराण्यांतली मंडळी स्वतःच्या शुद्ध भाषेचा केवढा तोरा बाळगतो! सुरतेत आज मराठी रस्त्यावर ऐकू येते ती या खानदेशी कुटुंबांमुळे; आपल्यासारख्यांच्या दिवाणखान्यांतून ती नातवंडांपर्यंत धड पोचलेली नाही. मी त्याला म्हटले, "बाबा, मराठीतच बोल." मग त्याने मला त्यांच्या अल्बममधले चौथे गाणे समजावून दिले. त्याच्या घराशेजारच्या मागाचा खटखटाट त्याने फोनवर टिपला आहे, आणि साऱ्या गाण्याची लय त्या ठोक्यावर बांधली आहे. शब्द थोडे हिंदी, थोडे मराठी. बाकीची गाणी मला मध्यम वाटली, दोन तर एकासारखी एक होती आणि तसे मी सांगितलेही. चौथे मात्र पुन्हा वाजवावयास लावले.

येताना नातवाला मी हिराबाईंची गोष्ट सांगितली. करीमखांसाहेब आपल्या बडोद्याच्या दरबारात गात होते, आणि तारा माने ही येथल्याच घरातली त्यांची शिष्या. दोघे बडोदे सोडून गेले. 1905 साली मिरजेस त्यांना मुलगी झाली, तिचे नाव चंपाकली. पुढे आईबाप विभक्त झाले. आणि गायिका म्हणून उभी राहताना त्या मुलीने बापाचे खान लावले नाही, आईचे मानेही लावले नाही. तबकडीवर नाव आले ते हिराबाई बडोदेकर. आईच्या गावाचे नाव, आणि त्याच नावाने तिकीट लावून बैठकीत बसून गाणारी बाई म्हणून तिने लौकिक मिळवला. "म्हणजे बुलसाराने गाव टाकले आणि यांनी गाव घेतले," नातू म्हणाला. मी म्हटले, "हो. आणि फ्रेडीने टाकले म्हणतोस, पण शेवट माहीत आहे ना?"

त्याला माहीत नव्हता. म्हणून मी पुढे वाचले ते येथे देतो. फ्रेडी आपल्या पाचगणीविषयी, झांझिबारविषयी मुलाखतींतून जवळजवळ बोलतच नसे. त्याच्या हयातीत क्वीनचा कार्यक्रम हिंदुस्थानात झाला नाही. 24 नोव्हेंबर 1991 रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी, एड्सने तो लंडनला वारला. आईबाप हयात होते. तीन दिवसांनी अंत्यविधी झाला तेव्हा शुभ्र वस्त्रांतले पारशी धर्मगुरू पुढे होते आणि प्रार्थना झाल्या त्या अवेस्ता भाषेत, ज्या भाषेत उदवाड्याच्या इराणशाहसमोर होतात. तो पवित्र अग्नी संजाणपासून किती ठिकाणी हलला! अठराव्या शतकात धामधुमीच्या भीतीने काही काळ सुरतेत येऊन राहिला, काही काळ बुलसारातही, आणि 1742 साली उदवाड्यास स्थिर झाला.

"मग मी काय करू, मामाआजोबा? नाव घालू?" नातवाने विचारले. मी म्हटले, "मला नको विचारू. बापाला गाणे ऐकव. चौथे."

अल्बम बाहेर पडावयाचा तो त्याच रात्री बारा वाजता. तबकडी वगैरे काही नाही, फोनवरच येतो. ताई झोपावयास तयार नव्हती. चष्मा लावून, गुडघ्यावर शेक घेत ती फोन हातात धरून बसली होती. "माझे नाव आहे का रे यात?"

"आहे आजी. आभारात."

"आडनावासकट?"

"तुझे आडनावासकट आहे."

बारा वाजले, गाणी सुरू झाली. पहिली तीन होईपर्यंत भाचा आतल्या खोलीतच होता. चौथे लागले आणि काही वेळाने तो पाण्याची मोटर बंद करावयाच्या निमित्ताने बाहेर आला व दारात उभा राहिला. तरुणपणी दहा वर्षे त्याने मागाच्या कारखान्यात काढलेली आहेत. गाणे संपेपर्यंत तो काही बोलला नाही.

"हा माग कुठला?" त्याने विचारले.

"लिंबायतचा, बाबा."

"याचा पट्टा सैल आहे. दर चौथा ठोका मागे पडतोय."

"तो आम्ही मुद्दाम तसाच ठेवलाय. त्यावरच गाणे आहे."

"गाणे असू दे रे," भाचा म्हणाला. "पण कुणी पट्टा आवळून दिला की नाही त्या माणसाला? ताणा तुटेल त्याचा. उद्या मला नंबर दे, मी आमच्या मेकॅनिकला पाठवतो." आणि मोटर बंद करावयास खाली गेला.